लेझर लायपोसक्शन : जाहिरातीतला फायदा आणि टेबलावरचा फायदा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत लायपोसक्शनवर, म्हणजे चरबी नळीने ओढून काढण्याच्या शस्त्रक्रियेवर, आलेला लेख वाचला. लेझर लायपोसक्शन म्हणजे जुन्या पद्धतीच्या पुढची पायरी, हे त्यात गृहीतच धरले आहे आणि पुढचा सगळा मजकूर त्याच पायावर उभा आहे. रक्त कमी जाते, चरबी वितळून निघते, त्वचा घट्ट होते, दोन दिवसांत कामावर जाता येते, ही चार वाक्ये आता इतक्या ठिकाणी छापून येतात की सल्ल्यासाठी येणारा माणूस 'लेझरनेच करा' असे घरून ठरवून येतो. या चारपैकी त्वचेच्या वाक्यात थोडे तथ्य आहे, लवकर बरे होण्याच्या वाक्यात त्याहून कमी, आणि उरलेल्या दोनांपैकी एकाचे श्रेय भलत्याच गोष्टीला दिले जाते तर दुसरे मुळातच चुकीचे आहे. हे सविस्तर सांगावेसे वाटते, कारण यात पैसा जातोच, पण भाजलेली कातडी पैशाने परत येत नाही.

आधी नावाचा घोळ. 'लेझर लायपो' या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. एकात ६३५ नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा मंद लाल प्रकाश बाहेरून अंगावर टाकतात. कुठे छेद नाही, काही बाहेर काढले जात नाही. दुसरीत १०६० नॅनोमीटरचे लेझर बाहेरूनच पोटावर किंवा कमरेवर पट्ट्याने बांधून पंचवीसेक मिनिटे चरबीचा थर गरम करतात. मेलेल्या पेशी शरीर पुढच्या काही आठवड्यांत स्वतःच हळूहळू हटवते. तिसरी खरी शस्त्रक्रिया : कातडीला छिद्र पाडून लेझरचा धागा चरबीत घालायचा, ती तापवायची आणि मग नळीने ओढून काढायची. या पत्रात मी फक्त तिसऱ्या प्रकाराबद्दल लिहीत आहे. पहिल्या दोन्हींची लायपोसक्शनशी तुलनाच होत नाही. त्यामुळे दवाखान्यात 'लेझर' शब्द ऐकला की पहिला प्रश्न असा विचारावा : चरबी शरीराबाहेर काढणार आहात की आतच ठेवणार?

आता 'पारंपरिक' म्हणजे काय ते पाहू, कारण सगळी गडबड या शब्दात आहे. सत्तरच्या दशकात इटलीत फिशर पितापुत्रांनी चरबी कातून ओढणारी नळी वापरली. १९७७ च्या सुमारास पॅरिसमध्ये इव्ह-जेरार इलूझ यांनी बोथट टोकाची नळी आणली. ती नसा आणि रक्तवाहिन्या कापत न जाता त्यांच्यामधून वाट काढते. त्या काळच्या नळ्या आठ-दहा मिलिमीटर जाडीच्याही असत. चरबीत काहीही न टोचता कोरडेच ओढले, तर बाहेर येणाऱ्या ऐवजात २० ते ४५ टक्के रक्त असायचे. दोन लिटर काढले तर त्यात अर्धा लिटर रक्त गेलेले, म्हणून रक्ताच्या बाटल्या तयार ठेवाव्या लागत. मग १९८७ मध्ये अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी ट्युमेसंट पद्धत प्रसिद्ध केली आणि चित्रच पालटले. चरबीत आधी भरपूर पातळ द्रव भरायचा, इतका की तो भाग टरबुजासारखा टणक लागावा. द्रवातले ॲड्रेनॅलिन रक्तवाहिन्या आवळते आणि लिग्नोकेन तो भाग बधिर करते. यामुळे रक्तस्राव उपसलेल्या ऐवजाच्या साधारण एक टक्क्यावर आला. तीन लिटर काढले तर तीसेक मिलिलिटर, म्हणजे रक्त तपासणीच्या चार-पाच नळ्या भरतील इतके.

रक्त कमी जाते हा लेझरचा दावा इथेच अडखळतो. लेझर बारीक रक्तवाहिन्या गोठवते हे खरे आहे. पण लेझरवालेही आधी हाच ट्युमेसंट द्रव भरतात. त्याशिवाय लेझर चालवताच येत नाही. रक्त थांबवण्याचे मोठे काम द्रवाने आधीच केलेले असते, लेझरच्या वाट्याला उरलेल्या एक टक्क्यातला काही भाग येतो. माहितीपत्रकात मात्र लेझरची तुलना बहुतेक वेळा त्या कोरड्या, जाड नळीच्या काळाशी केलेली दिसते. आजचे साधे लायपोसक्शन दोन ते चार मिलिमीटरच्या नळीने आणि पूर्ण भिजवलेल्या चरबीत होते. तुलना करायची तर त्याच्याशी करावी.

या द्रवाची कृती वाचकांना माहीत असावी, कारण शस्त्रक्रियेतला सगळ्यात मोठा छुपा धोका त्यातच आहे. एक लिटर नॉर्मल सलाइन, त्यात २ टक्क्यांचे लिग्नोकेन २५ मिलिलिटर, म्हणजे ५०० मिलिग्रॅम. एकास हजार ताकदीचे ॲड्रेनॅलिन १ मिलिलिटर. आणि टोचताना चुरचुरू नये म्हणून ८.४ टक्क्यांचे सोडियम बायकार्बोनेट १० मिलिलिटर. काही जण लिग्नोकेन दुप्पट घालतात. ॲड्रेनॅलिनसह लिग्नोकेनची नेहमीची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ७ मिलिग्रॅम आहे. या पद्धतीत मात्र ते इतके पातळ असते आणि चरबीतून इतके हळू रक्तात उतरते की दर किलोमागे ३५ मिलिग्रॅमपर्यंत सुरक्षित मानतात. साठ किलोच्या व्यक्तीला ही मर्यादा २१०० मिलिग्रॅम होते, म्हणजे वरच्या कृतीचे जेमतेम चार लिटर. लिग्नोकेन दुप्पट असेल तर दोनच लिटर. एका बैठकीत पोट, कंबर, मांड्या, दंड सगळे उरकण्याचे आश्वासन मिळाले, तर हा भागाकार कागदावर मांडून मागावा.

आणखी एक. रक्तातले लिग्नोकेन टोचल्यावर लगेच शिगेला पोचत नाही. साधारण आठ ते सोळा तासांनी पोचते. सकाळी नऊला शस्त्रक्रिया झाली तर धोक्याची वेळ संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंतची, म्हणजे रुग्ण घरी झोपलेला असताना. ओठांभोवती मुंग्या, जिभेवर धातूसारखी चव, कानात गुणगुण, बरळणे ही सुरुवातीची लक्षणे. पुढे झटके येतात, हृदयाची लय बिघडते. त्यावरचा उतारा २० टक्क्यांचे लिपिड इमल्शन, म्हणजे शिरेतून द्यायचे स्निग्ध द्रावण. ते शस्त्रक्रियेच्या खोलीत हाताशी असलेच पाहिजे. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक किंवा केटोकोनॅझोलसारखे बुरशीविरोधी औषध चालू असेल तर यकृत लिग्नोकेन लवकर मोडू शकत नाही आणि हीच मात्रा जास्त होते. लेझर वापरले म्हणून यातले काही बदलत नाही. 'फक्त जागा बधिर करून करतो, म्हणून बिनधोक' हे वाक्य या कारणाने अर्धवट आहे.

आता लेझरची शस्त्रक्रिया प्रत्यक्षात कशी होते ते सांगतो. रुग्ण उभा असतानाच पेनने उंचवटे आणि खड्डे आखतात, कारण आडवे झाल्यावर चरबी पसरते आणि आकार हरवतो. मग द्रव भरायचा आणि कातडी पांढुरकी दिसेपर्यंत पंधरा-वीस मिनिटे थांबायचे. दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून साधारण एक मिलिमीटर जाडीची नळी आत जाते. तिच्या पोकळीत केसाहून काही पट जाड असा काचेचा धागा असतो आणि त्याचे टोक नळीच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे काढलेले असते. तापवणारा किरण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सोबत लाल दर्शक प्रकाश सोडतात. खोलीतले दिवे मंद केले की कातडीखाली हा लाल ठिपका सरकताना दिसतो. तो पसरट आणि फिकट दिसला तर टोक खोल आहे. बारीक आणि झगझगीत झाला तर ते कातडीच्या अगदी खाली आले आहे, तिथे सांभाळायचे. नळी सतत पुढेमागे फिरती ठेवायची, आधी खोल थर, मग वरचा. चांगल्या यंत्रांत हात थांबला की किरण बंद करणारा संवेदक असतो आणि टोकाशी तापमापक असतो. खोलीतल्या प्रत्येकाच्या, रुग्णाच्याही, डोळ्यांवर त्याच तरंगलांबीचा किरण अडवणारा चष्मा हवा. हे झाल्यावर नेहमीच्या नळीने ओढण्याचे काम राहतेच. म्हणजे लेझर साध्या लायपोसक्शनची जागा घेत नाही, त्याच्या आधी एक टप्पा वाढवते.

'चरबी वितळते' हा शब्दप्रयोग लोकांच्या मनात पक्का बसला आहे. तुपासारखी गोठलेली चरबी आत आहे आणि लेझर ती पातळ करते, असे चित्र उभे राहते. वस्तुस्थिती अशी की माणसाच्या चरबीच्या पेशीतले तेल शरीराच्या तापमानाला पातळच असते. ते घट्ट वाटते कारण ते कोट्यवधी सूक्ष्म पिशव्यांत भरलेले आणि तंतूंच्या जाळीत अडकवलेले असते. लेझर त्या पिशव्यांचे पापुद्रे उष्णतेने फोडते. साधी नळी हेच काम हाताच्या जोराने, पेशींचे पुंजके जाळीतून सोडवून करते. दोन्हींत पेशी जातात त्या कायमच्या जातात. उरलेल्या मात्र, खाणेपिणे सैल सुटले तर फुगतात. हेही दोन्हींत सारखेच.

पुढचा हिशेब मी मुद्दाम देतो, कारण तो कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. वॅट गुणिले सेकंद म्हणजे ज्युल. समजा दहा बाय दहा सेंटिमीटरच्या, तीन सेंटिमीटर जाडीच्या भागाला ६००० ज्युल द्यायचे आहेत. १२ वॅटवर त्याला ५०० सेकंद लागतील, म्हणजे सव्वाआठ मिनिटे. असे सहा भाग असले तर पन्नास मिनिटे नुसती तापवण्यात जातात, ओढणे वेगळे. त्या भागात सुमारे ३०० ग्रॅम भिजलेली चरबी आहे आणि एक ग्रॅम एक अंशाने तापायला ढोबळमानाने तीन ज्युल लागतात. तेव्हा ६००० ज्युलनी सगळ्या भागाचे सरासरी तापमान साडेसहा-सात अंशांनी वाढेल. द्रव खोलीच्या तापमानाचा भरला असेल तर त्यातली बरीचशी उष्णता तो द्रव कोमट करण्यातच खर्च होईल. थोडक्यात, मोठ्या पोटातली दोन-तीन लिटर चरबी लेझरने 'विरघळवणे' होत नाही. लेझर टोकाच्या आसपासची चरबी फोडते, बाकीची नळीच काढते. म्हणून जिथे काढायची चरबी मोठी आहे तिथे लेझरचा वाटा नगण्य आणि वेळ मात्र लांबलेला.

हाच हिशेब उलटा केला की भाजण्याचे कारण कळते. टोक एका जागी अडकले आणि १२ वॅट चालूच राहिले, तर शेजारच्या एक-दोन ग्रॅम ऊतीत सेकंदाला दोन ते चार अंश चढतात. दहा सेकंदांची बेसावधी म्हणजे वीस ते चाळीस अंश. कातडीला ४४ अंशांवर भाजायला काही तास लागतात, पण ६० अंशांवर काही सेकंद पुरतात. म्हणून पृष्ठभाग ४० ते ४२ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही असा दंडक आहे. अडचण अशी की बाहेरचा तापमापक मोठ्या क्षेत्राची सरासरी दाखवतो आणि आतली उष्णता वर यायला वेळ घेते. आकडा ४२ दिसतो तेव्हा आत तो आधीच पुढे गेलेला असतो आणि किरण थांबवल्यावरही थोडा वेळ चढत राहतो. भाजल्याच्या जागा ठरलेल्या आहेत : छेदाजवळ, जिथे नळी प्रत्येक फेरीला येतेच, हाडाच्या उंचवट्यावर, जिथे चरबी पातळ असते, आणि आधीच्या शस्त्रक्रियेच्या व्रणाखाली, जिथे नळी अडकते. सावळ्या कातडीवर तिथे पुढे अनेक महिने काळा डाग राहतो. अनुभवी हातांत हे क्वचितच घडते. २००८ मध्ये अमेरिकेतून ५३७ शस्त्रक्रियांचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात चार जणांना भाजले होते आणि एकाला जंतुसंसर्ग झाला होता. आकडा लहान आहे, मला त्याची भीती घालायची नाही. पण साध्या नळीने कुणाची कातडी अशी भाजत नाही, एवढे नोंदवायलाच हवे.

आता जिथे तथ्य आहे तिथे येतो. कातडीच्या आतल्या बाजूला ४८-५० अंशांच्या आसपास उष्णता मिळाली, तर तिथले कोलॅजन, म्हणजे कातडीला बळकटी देणारे तंतू, काही प्रमाणात आकसते आणि भरून येताना पुढच्या तीन ते सहा महिन्यांत नवे तयार होते. याला पुरावा आहे. २०१० मध्ये अमेरिकेत दहा स्त्रियांच्या पोटाच्या एका बाजूला लेझरसह आणि दुसऱ्या बाजूला लेझरशिवाय लायपोसक्शन करून मोजमाप केले गेले. लेझरच्या बाजूची कातडी जास्त आकसली. संख्या लहान आहे, तरी एकाच शरीरावर दोन बाजूंची तुलना असल्याने मी हा पुरावा गंभीरपणे घेतो. याच्या आधी, २००६ मध्ये चिलीमध्ये २५ रुग्णांवर अशीच दोन बाजूंची तुलना झाली होती. तिथे सुरुवातीच्या दिवसांतले दुखणे लेझरच्या बाजूला कमी होते, शस्त्रक्रियेला वेळ जास्त लागला आणि शेवटी दिसणाऱ्या आकारात मोठा फरक आढळला नाही. दोन्ही निष्कर्षांत मला विसंगती दिसत नाही. टेपने मोजता येणारा फरक आरशात दिसेलच असे नाही.

शिवाय साध्या लायपोसक्शननंतरही कातडी आपोआप आकसते, हे विसरले जाते. नळीच्या फेऱ्यांनी कातडीखाली ज्या असंख्य बारीक जखमा होतात त्या भरताना ती आत खेचली जाते. लेझरचा फायदा म्हणजे त्यावर पडणारी भर, एवढाच. आणि कातडी किती आकसणार हे मुख्यतः तिच्या स्वतःच्या लवचीकतेवर ठरते. घरच्या घरी पाहता येते : पोटाची कातडी चिमटीत धरून ओढा आणि सोडा. चटकन जागेवर बसली तर साध्या पद्धतीनेही ती बसेल. चुण्या रेंगाळल्या आणि खाली वाकल्यावर कातडीचा पदर लोंबत असेल, तर लेझरने तो जाणार नाही. तिथे कातडी कापून काढण्याचीच शस्त्रक्रिया लागते. या दोन टोकांच्या मध्ये, किंचित सैल कातडी आणि थोडी चरबी, अशा लोकांना लेझरचा उपयोग होऊ शकतो. हनुवटीखालचा भाग हे त्याचे उत्तम उदाहरण : काढायची चरबी थोडी, कातडी पातळ आणि छेद लहान हवा. दंडाच्या आतल्या बाजूलाही कधी कधी. पुरुषांच्या छातीतली तंतुमय चरबी किंवा पूर्वी एकदा लायपोसक्शन झालेल्या जागेची दुरुस्ती यांत लेझरने वाट मोकळी होते हे खरे, पण तेच काम नळी यंत्राने थरथरवणारी पद्धत उष्णतेशिवाय करते आणि माझ्या मते अधिक बिनधोक करते.

काढलेली चरबी दुसरीकडे भरायची असेल, नितंबात, चेहऱ्यावर किंवा खड्ड्यात, तर लेझर टाळलेलेच बरे. रुजायला पेशी जिवंत हव्यात आणि लेझरचे कामच त्या फोडण्याचे आहे. हे रुग्णाला आधी सांगितले जात नाही आणि नंतर 'चरबी टिकली नाही' अशी तक्रार येते.

लवकर कामावर जाण्याबद्दल थोडक्यात. लहान भागात लेझरनंतर काळेनिळे डाग आणि पहिल्या दिवसांतले दुखणे कमी असू शकते. बाकीचे वेळापत्रक तेच : पहिले एक-दोन दिवस छेदांतून गुलाबी पाणी गळते (ते गळू द्यायचे असते, म्हणून अनेकदा छेद शिवत नाहीत), सूज तिसऱ्या दिवसाच्या आसपास सर्वांत जास्त, डाग दोन-तीन आठवडे, घट्ट कपडा चार ते सहा आठवडे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाताला गाठी लागतात, त्या भरून येण्याचा भाग आहेत. आकार पाहायचा तो तीन महिन्यांनी, अंतिम म्हणायचा तो सहा महिन्यांनी. लेझरने फोडलेले तेल नीट ओढून काढले नाही तर आत राहून उलट सूज रेंगाळते, कधी पाणी साचते आणि सुईने काढावे लागते.

लायपोसक्शननंतरची सर्वांत नेहमीची तक्रार ना रक्ताची असते ना भाजण्याची. ती उंचसखलपणाची असते. नळी एकाच वाटेने पुन्हा पुन्हा फिरली की चर पडतो. कातडीला चिकटून ओढले, वर किमान सेंटिमीटरभर चरबी राखली नाही, की लाटा दिसतात. एका छेदातून पंख्यासारखे फिरवून दुसऱ्या छेदातून आडवे फिरवले नाही तर खोबणी राहतात. हे टाळतो तो सर्जनचा दुसरा हात, जो नळी धरत नाही. तो कातडीवर सपाट ठेवलेला असतो आणि खाली किती जाडी उरली हे सतत चाचपत असतो. लेझर हे काम करत नाही. उलट लेझरने मऊ झालेल्या चरबीत नळी इतकी सहज जाते की नवख्या हाताने जास्त ओढले जाण्याचा संभव वाढतो.

आपल्या लेखात एक वाक्य असे होते की लेझर आल्यामुळे लायपोसक्शन 'आता शस्त्रक्रिया राहिलेली नाही'. हे वाक्य दुरुस्त करावे, ही माझी मुख्य विनंती आहे. २००० मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या पाहणीत नव्वदच्या दशकातल्या सुमारे पाच लाख लायपोसक्शनांत ९५ मृत्यू नोंदले गेले, म्हणजे पाच हजारांत साधारण एक. पहिल्या क्रमांकाचे कारण होते पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात जाणे. त्यानंतर पद्धती सुधारल्या, पण कारणे तीच आहेत : गाठ, पोटाच्या आतड्याला नळीने छिद्र, औषधाची जास्त मात्रा, जंतुसंसर्ग. एका बैठकीत पाच लिटरहून जास्त ऐवज काढणे, सोबत दुसरी मोठी शस्त्रक्रिया उरकणे आणि टेबलावरचा लांबलेला वेळ यांनी धोका वाढतो. यातले शेवटचे लेझरने थोडे वाढतेच.

लेझरच्या यंत्राला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ मध्ये परवानगी दिली, हेही लेखात पुरावा म्हणून आले आहे. त्या प्रकारच्या परवानगीसाठी यंत्र आधी बाजारात असलेल्या यंत्राच्या तोडीचे सुरक्षित आणि उपयुक्त आहे एवढे दाखवावे लागते. साध्या नळीपेक्षा ते सरस आहे हे त्यात तपासलेले नसते.

आधी-नंतरच्या फोटोंबाबतही वाचकांना सावध करावे. 'नंतर'च्या फोटोत प्रकाश समोरून सपाट पडला तर सगळे खड्डे पुसले जातात. वरून पडला तर दिसतात. 'आधी'च्या फोटोत कमरेचे इलॅस्टिक चरबीत रुतलेले आणि 'नंतर'च्या फोटोत खाली सरकवलेले असते. श्वास आत घेतला, खांदे मागे ओढले, की पोट तीन सेंटिमीटरने आत जाते. बेंबीची उंची, पायांतले अंतर आणि पाठीमागची सावली दोन्ही फोटोंत सारखी आहे का ते पाहावे आणि फोटो किती महिन्यांनी काढला ते विचारावे. सहा आठवड्यांच्या फोटोत सूज अजून उतरलेली नसते. त्या फोटोवरून लेझर चांगले की वाईट, काहीच ठरवता येत नाही.

शेवटी, जी व्यक्ती लेझरसाठीच आग्रह धरून येते तिने सर्जनला काय विचारावे. माझ्या कातडीला लेझरची भर कशासाठी हवी आहे? न वापरल्यास काय कमी पडेल? तापमान आत मोजता की फक्त बाहेर? लिग्नोकेन एकूण किती मिलिग्रॅम देणार आणि माझ्या वजनाला ती मर्यादा किती? रात्री लक्षणे दिसली तर फोन कोण उचलेल? लेझर बंद पडले तर हेच काम साध्या नळीने तुम्ही पूर्ण करता का, आणि तशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत? यंत्राचा धागा मध्येच तुटतो, यंत्र तापून बंद पडते, हे घडते. त्या दिवशी टेबलावरच्या रुग्णाचे काम साध्या नळीनेच पुरे करावे लागते.

आपला विश्वासू,
एक प्लास्टिक सर्जन